कवडशापासून सुरुवात: मुलांना प्रकाश, दृष्टी आणि दृष्टिभ्रम शिकवताना

शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो त्या वर्षी सहावीचा प्रकाशाचा पाठ मी दोन तासिकांत उरकला. फळ्यावर मेणबत्ती काढली, बाण काढले, मुलांनी पट्टीने नीटनेटकं उतरवून घेतलं. चाचणीत ‘प्रकाश सरळ रेषेत जातो’ हे वाक्य सगळ्यांचं बरोबर. मग सहज विचारलं, "लोखंडी कपाटात बसलात, दार घट्ट लावलं, उजेडाला फटसुद्धा नाही. थोड्या वेळाने काय दिसेल?" वर्गातली जवळजवळ सगळी पोरं म्हणाली, "आधी काही नाही, मग डोळे सरावले की थोडं थोडं दिसेल." मागून एकजण म्हणाला, "मांजराला लगेच दिसेल, सर."

म्हणजे बाण पाठ झाले होते, पण दिसण्यासाठी उजेड डोळ्यात शिरावा लागतो हे कुणालाच कळलं नव्हतं. पुढच्या वर्षांत हा पाठ मी बऱ्याच वेळा मोडून पुन्हा बांधला. सहावी ते आठवीला पहिल्यांदाच विज्ञान शिकवायला घेणाऱ्यांसाठी हा क्रम देतोय. सहा तासिका लागतात. अभ्यासक्रम मागे पडेल अशी भीती वाटेल, पण पुढे भिंग आणि अपवर्तनाला हा वेळ भरून निघतो.

१. जमवाजमव आदल्या आठवड्यात करा

• जुन्या लग्नपत्रिका, पंधरा-वीस तरी. यांचा जाड कागद बाजारात विकत मिळत नाही इतका चांगला असतो.
• झाकणाची बुटांची खोकी, गटाला एक
• काळा कार्डशीट, ट्रेसिंग पेपर (नसेल तर वहीच्या कागदाला गोडेतेल चोळा), चिकटपट्टी, रबरबँड
• टाचण्या आणि शिवणाची बारीक सुई
• आरशाचे तुकडे. काचवाल्याकडे उरलेल्या पट्ट्या फुकटही मिळतात, पण कडा त्याच्याकडूनच घासून घ्या.
• टॉर्च, खराट्याच्या काड्या, स्टीलची वाटी, एक नाणं
• जत्रेत मिळतो तो पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा
• ऑफिसातलं पंचिंग मशीन

प्रयोगपेटी शाळेत असेलच, पण तिची किल्ली कुणाकडे आहे हे आधी विचारून ठेवा. आमच्याकडे किल्ली ज्यांच्याकडे, ते नेमके त्याच दिवशी प्रशिक्षणाला गेले होते.

एक नियम सगळ्या तासिकांना लागू. प्रयोग दाखवण्याआधी प्रत्येकाने अंदाज वहीत पेनाने लिहायचा, पेन्सिलीने नाही. पेन्सिलीने लिहिलेला अंदाज नंतर हळूच खोडला जातो आणि "मला माहीतच होतं" सुरू होतं.

२. पहिली तासिका: कवडसा

कौलारू किंवा पत्र्याच्या वर्गात शिकवत असाल तर अर्धं काम छपरानेच करून ठेवलंय. छपराच्या भोकातून जमिनीवर पडलेला कवडसा मुलांना दाखवा आणि विचारा, भोक कसलं आहे आणि कवडसा कसला आहे? भोक वेडंवाकडं, कौलाच्या फुटक्या कडेचं. कवडसा मात्र गोल, किंवा ऊन तिरकं असेल तर लांबट गोल. का?

लगेच उत्तर देऊ नका. अंगणात आरसा घेऊन जा. पत्रिकेच्या कागदाला साधारण अर्ध्या सेंटिमीटरचं त्रिकोणी भोक पाडा आणि तो कागद आरशावर चिकटवा. आरसा विटेला टेकवून उन्हात ठेवा आणि कवडसा दारातून वर्गाच्या आतल्या भिंतीवर पाडा. आधी आरशापासून वीतभर अंतरावर पुठ्ठा धरा. त्रिकोण दिसतो. पुठ्ठा मागे नेत जा. त्रिकोणाची टोकं विरघळत जातात आणि भिंतीवर पोचेपर्यंत स्वच्छ गोल उरतो. दुसऱ्या आरशाला चौकोनी भोक केलंत तरी भिंतीवर गोलच.

तो गोल भोकाचा नाही, सूर्याचा आहे. सूर्याच्या प्रत्येक भागातून आलेला प्रकाश भोकातून सरळ जातो आणि भिंतीवर आपापल्या जागी पडतो. आमच्या शाळेत हे कळल्यावर एक मुलगी उठून बाहेर चिंचेखाली गेली आणि तिथूनच ओरडली, "सर, इथे तर शेकडो सूर्य पडलेत." पानांच्या फटींतून पडणारे सगळे गोल ठिपके म्हणजे सूर्याच्याच प्रतिमा. सूर्यग्रहणात त्यांच्या कोरी होतात. २ ऑगस्ट २०२७ ला संध्याकाळच्या सुमारास आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. त्या दिवसांत ढग किती असतात ते मी सांगायला नको.

आठवीचा वर्ग असेल तर इथेच मापं घ्या. आरसा ते भिंत दहा मीटर ठेवलंत तर गोल साधारण साडेनऊ सेंटिमीटरचा येतो. गोलाच्या रुंदीला अंतराने भागा आणि सूर्याच्या अंतराने, म्हणजे १५ कोटी किलोमीटरने गुणा. आमच्या पोरांचं उत्तर सव्वाचौदा लाख किलोमीटर आलं. सूर्याचा खरा व्यास सुमारे १३.९ लाख आहे. मोजपट्टी आणि फुटका आरसा घेऊन सूर्य मोजला हे मुलं विसरत नाहीत. तोवर कवडसा भिंतीवर सरकलेला असतो. साधारण दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. पृथ्वी फिरते हे एवढ्या उघडपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

सावध: भिंतीकडून आरशाकडे कुणीही बघायचं नाही. आरशाजवळ एक जबाबदार मुलगा उभा करा, नाहीतर दोन मिनिटांत कवडसा शेजारच्या वर्गातल्या बाईंच्या तोंडावर जातो.

३. दुसरी तासिका: अंधारं खोकं

बुटाच्या खोक्यात एक ओळखीची वस्तू ठेवा, शक्यतो पांढरी. एका बाजूला डोळा लावायला एक भोक आणि वर एक छोटी खिडकी, तिला काळ्या कागदाचं झाकण. सांध्यांवर चिकटपट्टी. खिडकी बंद असताना प्रत्येकाने आत बघायचं. काय दिसलं ते लिहायचं. मग खिडकी उघडून बघायचं.

इथे फजिती कुठे होते ते सांगतो. खोक्यात जराशी जरी फट राहिली तरी डोळे खरंच सरावतात आणि वस्तू दिसते. मग मुलांचा गैरसमज पक्का होतो. माझं पहिलं खोकं असंच गळकं होतं. रात्री खोलीत सरावल्यावर दिसतं, कारण तिथे खिडकीतून, दाराखालून थोडा उजेड येतच असतो. उजेड शून्य असेल तर माणूसही आंधळा आणि मांजरही. मांजराला अगदी कमी उजेड पुरतो, एवढंच.

हा गैरसमज मुलांच्या डोक्यात येतो कुठून? आपण बोलतो कसं ते बघा. नजर टाकली, नजर पोचली, नजर लागली, दृष्ट काढली. मराठीत नजर कायम डोळ्यातून बाहेर जाते. प्राचीन ग्रीसमध्ये काही पंडितांना असंच वाटायचं, आणि आपल्या न्यायदर्शनातही डोळ्यातून तेज निघून वस्तूपर्यंत जातं असं मानलं होतं. तेव्हा मुलांना हसू नका. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल्-हैथम या बसऱ्याच्या विद्वानाने याच्या उलट मांडणी केली. तीव्र प्रकाशाकडे पाहिलं की डोळा दुखतो, म्हणजे काहीतरी बाहेरून आत येतंय, हा त्याचा एक मुद्दा. मुलांना तो चटकन पटतो, कारण दुखण्याचा अनुभव सगळ्यांना असतो.

जोडीला एक छोटी गोष्ट. खोली अंधारी करून टॉर्च भिंतीवर मारा आणि विचारा, मधल्या हवेत प्रकाश दिसतोय का? जवळजवळ नाहीच. आता डस्टर आपटा. खडूची धूळ उडाली की झोत दिसायला लागतो. आपल्याला दिसली ती धूळ, तिच्यावरून वळून डोळ्यात आलेला प्रकाश. फळ्यावरचे बाण काढायचे ते यानंतर.

४. तिसरी तासिका: सूचीछिद्र प्रतिमाग्राहक

नाव एवढं जड आहे की अर्धी मुलं तिथेच गळतात. मी पहिल्या दिवशी त्याला ‘भोकाचा कॅमेरा’ म्हणतो आणि पुस्तकातलं नाव शेवटी सांगतो.

काळ्या कार्डशीटच्या दोन नळ्या करा, एक दुसरीत सरकेल अशी. बाहेरच्या नळीचं तोंड काळ्या कागदाने बंद करा आणि मधोमध सुईने भोक पाडा. आतल्या नळीच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर ताणून रबरबँड लावा. आतली नळी कागदाच्या बाजूने आत सरकवा आणि उघड्या बाजूने बघा.

प्रयोग फसण्याची कारणं ठरलेली आहेत:
• पुस्तकात मेणबत्ती आहे म्हणून भर उजेडाच्या वर्गात मेणबत्तीकडे बघितलं. काही दिसत नाही. आपण अंधारात बसायचं आणि नळी उन्हातल्या झाडाकडे किंवा रस्त्याकडे धरायची. अंधार नसेल तर डोक्यावर चादर घ्या.
• भोक मोठं झालं. प्रतिमा उजळते, पण धुरकट होते. मुद्दाम एका गटाला खिळ्याने भोक पाडू द्या आणि तुलना करा.
• चुकून दोन भोकं पडली. ही खरं तर पर्वणी आहे. दोन भोकांच्या दोन प्रतिमा दिसतात.

झाड उलटं दिसलं की वर्गात एकच कल्ला होतो. उलटी एसटी रस्त्याने उलट्या दिशेने गेली की विचारूच नका. त्यानंतर हमखास प्रश्न येतो, "सर, डोळ्यातपण असंच असेल तर आपल्याला सरळ कसं दिसतं?" पडद्यावरचं चित्र बघायला डोक्यात दुसरा माणूस बसलेला नाही. दृष्टिपटलावरून मेंदूकडे जातात ते संदेश, फोटो नव्हे. कुठला संदेश म्हणजे ‘वर’ आणि कुठला म्हणजे ‘खाली’, ही सांगड मेंदू हातापायांच्या अनुभवाशी घालतो. जॉर्ज स्ट्रॅटन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात जग उलटं दाखवणारी भिंगं काही दिवस डोळ्यावर बांधली. आधी चालताना, वस्तू उचलताना धांदल उडाली आणि मग हळूहळू त्याला त्या जगात वावरता येऊ लागलं.

याच दिवशी आणखी एक काम उरकून घ्या. जाड कागदाला टाचणीने भोक पाडून प्रत्येकाला त्यातून फळ्यावरची बारीक अक्षरं वाचायला सांगा. एरवी न वाचता येणाऱ्या मुलाला भोकातून वाचता आली तर त्याला बहुधा चष्मा लागणार आहे. नाव टिपून ठेवा, आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक तपासणीला येईल तेव्हा द्या आणि पालकांशी बोला. माझ्या वर्गात अशी दोन मुलं निघाली. त्यातल्या एकाला आम्ही सगळे ‘लक्ष नसतं’ म्हणायचो.

५. चौथी तासिका: आपलाच डोळा

जोड्या करा. एकाने डोळे अर्धा मिनिट हाताने झाकायचे आणि खिडकीकडे तोंड करून उघडायचे. दुसऱ्याने बाहुलीकडे बघायचं. ती आकसताना दिसते. मुलांना विचारा, हिला बाहुली का म्हणतात? समोरच्याच्या डोळ्यात आपलंच इवलंसं रूप दिसतं, म्हणून.

मग अंधबिंदू. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक सेंटिमीटरचा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडेच बघायचं. कागद हात लांब करून धरायचा आणि सावकाश जवळ आणायचा. साधारण तीस सेंटिमीटरवर ठिपका गायब. अजून जवळ आणला की परत हजर. निम्मी मुलं चोरून ठिपक्याकडे बघतात आणि "होत नाही" म्हणतात. त्यांची नजर फुलीवर आहे का ते जोडीदाराने तपासायचं.

मज्जातंतू दृष्टिपटलातून बाहेर पडतात तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत, म्हणून हे होतं. सतराव्या शतकात फ्रान्सच्या एद्म मारिओतने हे दाखवलं. पण खरी गंमत पुढे आहे. ठिपक्यातून जाणारी एक आडवी रेघ मारा आणि पुन्हा करा. ठिपका जातो, रेघ मात्र अखंड दिसते. तिथून काहीच माहिती येत नसताना मेंदूने आजूबाजूचं पाहून जागा भरून टाकली. दृष्टिभ्रमाकडे जायचा रस्ता इथूनच निघतो, तेव्हा इथे घाई करू नका.

वेळ उरला तर गडद हिरव्या पोपटाच्या चित्राकडे तीस सेकंद एकटक बघायला लावा आणि मग पांढरा कागद. गुलाबी पोपट दिसतो. रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या. हिरव्याच्या थकल्या की पांढऱ्यातून बाकीच्यांचा जोर वाढतो. या वेळी एखादा मुलगा रंगांची नावं वेगळीच सांगेल. रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलांत बराच जास्त असतो. चारचौघांत त्याची परीक्षा घेऊ नका, तासानंतर बोला.

६. पाणी

हे बहुतेकांना येतं, म्हणून थोडक्यात. वाटीत नाणं ठेवा, कडेआड दिसेनासं होईपर्यंत मागे सरका, दुसऱ्याने पाणी ओतायचं. नाणं वर येतं. एवढ्यावर थांबू नका. पाण्याचा तळ वरून बघताना खऱ्या खोलीच्या सुमारे पाऊणपटच वाटतो. चार फूट खोल पाणी तीन फुटांचं दिसतं, आणि तिरकं बघितलं तर त्याहूनही उथळ. गावात शेततळी आहेत, विहिरी आहेत. हे वाक्य वहीत लिहून घ्या आणि त्याखाली पालकांची सही आणायला सांगा.

७. पाचवी तासिका: दृष्टिभ्रम

नव्या शिक्षकांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. मोबाईलवरची वीस चित्रं एकामागून एक दाखवायची, मुलं "वॉव" म्हणतात, तास संपतो. हाती काही लागत नाही. तीन-चारच भ्रम घ्या, पण मुलांच्या हाताने करवून.

काड्या: खराट्याच्या दोन काड्या अगदी सारख्या लांबीच्या कापा. एकीच्या टोकांना बाणासारखे तुकडे आतल्या बाजूला वळवून लावा, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. दुसरी लांब दिसते. जर्मनीच्या म्युलर-लायरने १८८९ मध्ये हा भ्रम मांडला. मुलांना पट्टीने मोजू द्या आणि विचारा, "आता सारख्या दिसतायत?" नाही दिसत. मोजलं, पटलं, तरी डोळा ऐकत नाही. वर्ग इथे गप्प होतो. त्या शांततेत लगेच बोलू नका.

भाकरी: पुठ्ठ्याच्या दोन सारख्या गोल चकत्या. एक मोठ्या ताटात, एक छोट्या ताटलीत. ताटलीतली मोठी वाटते. पोषण आहाराच्या रांगेत हे करून बघितलं तर मुलं दिवसभर त्यावरच बोलतात.

मुखवटा: माझा सगळ्यात आवडता. प्लॅस्टिकच्या मुखवट्याची आतली, खोलगट बाजू मुलांकडे करून उभा करा. डोळ्यांची भोकं मागून कागदाने बुजवा. दोन-तीन मीटरवरून एक डोळा झाकून बघायचं. थोड्या वेळात खोलगट चेहरा फुगून बाहेर येतो, आणि आपण डावी-उजवीकडे चाललो की तो मान वळवून आपल्यामागे बघतो. मागच्या बाकावरची पोरं किंचाळतात. आयुष्यभर आपण बाहेर आलेलेच चेहरे पाहिले, म्हणून मेंदू खोलगट चेहरा मानायलाच तयार नसतो. गौरीच्या मुखवट्यानेही हे होतं, पण कुणाच्या घरचा मुखवटा शाळेत मागवू नका. मी मागवला होता आणि एका आजींची मनसोक्त बोलणी खाल्ली.

उजेड वरून: चंद्रयानाने काढलेल्या विवरांचा एखादा फोटो छापून उलटसुलट फिरवा. एका बाजूने खड्डे दिसतात, उलटा केला की टेकड्या. उजेड वरूनच येतो असं मेंदू धरून चालतो.

"डोळे फसवतात" असं म्हणून तास संपवू नका. अपुऱ्या माहितीवरून झटपट अंदाज बांधणं हे मेंदूचं रोजचं काम आहे, आणि बहुतेक वेळा तो अंदाज बरोबर येतो. म्हणून तर आपण रस्ता ओलांडू शकतो.

८. सहावी तासिका: फिरती चित्रं

पत्रिकेच्या गोल तुकड्यावर एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पक्षी. दोन्ही कडांना दोरा बांधून पीळ द्या आणि ओढा. पक्षी पिंजऱ्यात. एक बाजू दुसरीच्या उलटी काढायची असते. हे विसरलं की पक्षी उलटा लटकतो. मग वहीच्या कोपऱ्यांवर थोडी थोडी बदलणारी चित्रं काढून पानं फर्रकन सोडा. सिनेमा असाच, सेकंदाला २४ चित्रं. दादासाहेब फाळक्यांनी पहिला कथापट करायच्या आधी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं टिपून छोटी फिल्म केली होती. वर्गाच्या खिडकीत मटकी पेरा, मोबाईल एकाच जागी ठेवून रोज एक फोटो काढा. पंधरवड्यात तुमचीही फिल्म तयार.

९. हे करू नका

• सूर्याकडे थेट बघणं नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, रंगीत गॉगल, काहीही लावून नाही.
• हिरवे लेझर वर्गात आणू नका. लेझरवर छापलेल्या शक्तीच्या आकड्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.
• मोबाईलवरची वेगाने लुकलुकणारी चित्रं टाळा. वर्गात कुणाला फिट येण्याचा त्रास आहे का, ते आधी विचारून ठेवा.
• मुलाच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

१०. घरचा अभ्यास: पौर्णिमेचा चंद्र

कुठलीही पौर्णिमा चालेल, कोजागिरी मिळाली तर उत्तम, कारण त्या रात्री मुलांना जागायला घरून परवानगी असते. प्रत्येकाला पत्रिकेचा एक तुकडा द्या, त्याला पंचिंग मशीनने एक भोक. संध्याकाळी चंद्र उगवताना, झाडांमागून मोठा थाळीसारखा दिसत असताना, हात पूर्ण लांब करून भोकातून बघायचं. चंद्र भोकात मावतो का ते लिहायचं. मग दूध आटत असताना, चंद्र डोक्यावर आला की पुन्हा तसंच.

दोन्ही वेळा तो भोकात तेवढाच मावतो. हवेच्या भिंगामुळे क्षितिजावर मोठा दिसतो, असं बरेच शिक्षकही सांगतात. ते चूक आहे. उलट उगवताना तो डोक्यावर असतानापेक्षा जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येएवढा, म्हणजे सहा हजारांहून जास्त किलोमीटर दूर असतो. मोठा तो फक्त आपल्याला वाटतो. नेमका का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही, आणि हेही मुलांना सांगा.

गेल्या वर्षी एका सहावीतल्या मुलाने वहीत लिहिलं होतं: "उगवताना मावला. रात्री पण मावला. कागद बाजूला केला की परत मोठा. आज्जीला दाखवलं. तिला पण मोठाच दिसला."